पीसीचा इतिहास आणि मधला माणूस

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मॅडम, कॉम्प्युटरच्या इतिहासाच्या प्रत्येक यादीत तीच नावं येतात. आल्टेअर, ॲपल टू, आयबीएम पीसी, मॅकिंटॉश, विंडोज ९५. तुम्ही पस्तीसेक वर्षं प्रोग्रामिंगमध्ये काढलीत. तुमच्या मते यातले खरे टप्पे कुठले, आणि का?" विचारणारा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणून सरळ अरे-तुरेवर येते आणि जरा सविस्तर सांगते.

यादी चुकीची नाही. पण ती शोरूमच्या काचेबाहेर उभं राहून केलेली यादी आहे: कुठलं मशीन कधी आलं, किती खपलं. आत बसून काम करणाऱ्याला टप्पे वेगळ्याच जागी दिसतात. माझं माप साधं आहे. डोक्यात हिशेब आला तिथपासून मशीनने उत्तर दिलं तिथपर्यंत, मध्ये किती माणसं उभी होती? त्यातला एखादा ज्या दिवशी बाजूला झाला, तो टप्पा. मशीन कितीही देखणं असो, मधली रांग तेवढीच राहिली असेल तर मी त्याला टप्पा म्हणत नाही.

ही रांग केवढी होती ते आधी बघ. माझ्या पहिल्या नोकरीतले साहेब पंच कार्डांच्या, म्हणजे भोकं पाडून प्रोग्राम नोंदायच्या पुठ्ठ्यांच्या जमान्यातले. मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा कॉम्प्युटर बसवला होता आणि बाहेरच्या संस्थांची कामंही त्यावर चालायची. त्या काळातली पद्धत साहेब रंगवून सांगायचे. प्रोग्राम चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने लिहायचा. पंच ऑपरेटर त्याची कार्डं पाडणार, एका ओळीला एक कार्ड. कार्डांच्या गठ्ठ्याला रबर लावून तो खिडकीत द्यायचा. आतला ऑपरेटर आपल्या सवडीने चढवणार. दुसऱ्या दिवशी खिडकीत कागद मिळणार आणि त्यावर बहुतेक वेळा एवढंच असणार की अमुक कार्डावर स्वल्पविराम राहिला. की पुन्हा रांग. गठ्ठा हातातून पडला आणि कार्डांना नंबर घातलेले नसले, तर साहेबांच्या शब्दांत, "त्या दिवशी घरी जाऊन झोपायचं."

ही रांग मोडायचा पहिला मोठा प्रयत्न पीसी जन्माला यायच्याही आधीचा आहे. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ हे गणिताचे दोन प्राध्यापक होते. त्यांना विज्ञान शाखेबाहेरच्या पोरांनाही कॉम्प्युटर हाताळायला द्यायचा होता. १ मे १९६४ ला पहाटे चारच्या सुमारास त्यांच्या टर्मिनलांवर (कॉम्प्युटरला जोडलेल्या टाइपयंत्रांवर) बेसिक भाषेतले पहिले प्रोग्राम चालले. (इकडे महाराष्ट्र त्या दिवशी चार वर्षांचा झाला होता.) युक्ती दोन भागांत होती. एकच कॉम्प्युटर क्षणाक्षणाचा वेळ वाटून अनेकांना द्यायचा, म्हणजे प्रत्येकाला तो आपलाच वाटतो. आणि भाषा अशी ठेवायची की ओळ लिहिली, रन म्हटलं, की समोर उत्तर. पंच ऑपरेटर गेला, खिडकी गेली, खिडकीतला माणूसही गेला. यादीत बेसिकचं नाव क्वचित असतं, कारण ती वस्तू नाही, तिचा फोटो काढता येत नाही. माझ्या यादीत ती पहिली आहे.

आता आल्टेअर. तो टप्पा आहेच, पण सांगतात त्या कारणासाठी नाही. न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्की गावी एड रॉबर्ट्स यांची एमआयटीएस नावाची छोटी कंपनी होती. कॅल्क्युलेटरचा धंदा बसल्यामुळे ती कर्जात होती. त्यांनी इंटेलच्या ८०८० चिपभोवती एक किट काढलं, किंमत ४०० डॉलरच्या आत. जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'च्या मुखपृष्ठावर ते झळकलं. गंमत म्हणजे छापलेला तो डबा रिकामा होता. खरं मशीन मासिकाकडे पाठवताना वाटेतच गहाळ झालं, म्हणून घाईघाईने नुसतं कवच तयार करून त्याचा फोटो काढला.

या डब्याला कीबोर्ड नाही, पडदा नाही. पुढे खटक्यांची रांग आणि वर लाल दिवे. मूळ मेमरी २५६ बाइट. त्याच्या पुस्तिकेत पहिला नमुना प्रोग्राम दोन आकड्यांच्या बेरजेचा होता. तो मी विद्यार्थ्यांना फळ्यावर करून दाखवते, कारण एकदा हे पाहिलं की पुढचं सगळं कळतं. पहिला आकडा उचल. तो बाजूच्या रकान्यात ठेव. दुसरा आकडा उचल. दोन्ही मिळव. उत्तर मेमरीत ठेव. पुन्हा सुरुवातीला जा. या सहा सूचना १४ बाइटांत बसतात. अष्टमान पद्धतीत पहिला बाइट ०७२, म्हणजे 'उचल'. पुढचे दोन २०० आणि ०००, म्हणजे कुठून उचलायचं तो पत्ता. मग १०७, म्हणजे 'बाजूला ठेव'. मिळवण्याची सूचना २००, ठेवण्याची ०६२, उडी मारण्याची ३०३. २०० एका ठिकाणी पत्ता आहे आणि दुसऱ्या ठिकाणी हुकूम. कुठला कुठे हे ओळखायची जबाबदारी सर्वस्वी तुझी.

प्रत्येक बाइटसाठी उजवीकडचे आठ खटके वर-खाली लावायचे आणि साठवायचा खटका दाबायचा. असं १४ वेळा, म्हणजे ११२ खटके बघायचे. त्यात एक चुकला तर मशीन बोलत नाही, फक्त उत्तर चुकतं. बेरजेचे दोन आकडे असेच आत टाकायचे, प्रोग्राम चालवायचा, थांबवायचा, मग उत्तराच्या पत्त्यावर जाऊन कुठले दिवे लागलेत ते वाचायचं. लाइट गेली की सगळं पुसलं. आता बघ, खिडकीतला माणूस इथेही नाही. मशीन तुझ्या टेबलावर आहे, रात्री दोन वाजताही तुझंच आहे. पण ज्या सोयीसाठी डार्टमथमध्ये बेसिक केली, ती सोयच नाही. माणूस गेला खरा, पण त्याचं सगळं काम तुझ्या बोटांवर येऊन पडलं.

म्हणून आल्टेअरपेक्षा आल्टेअरवर बेसिक चालली तो दिवस मला मोठा वाटतो. पॉल ॲलन आणि बिल गेट्स यांच्याकडे आल्टेअर नव्हताच. ॲलन यांनी हार्वर्डच्या पीडीपी-१० या मोठ्या कॉम्प्युटरवर, इंटेलची पुस्तिका वाचून, ८०८० ची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम लिहिला आणि त्या नकलेवर बेसिक बांधली. अपूर्णांकांचं गणित माँटे डेव्हिडॉफ या हार्वर्डच्या विद्यार्थ्याने लिहिलं, त्याचं नाव फारसं कोणी घेत नाही. ॲलन ती बेसिक भोकांनी नोंदलेली कागदी पट्टी घेऊन आल्बुकर्कीला निघाले आणि विमान उतरायला लागल्यावर लक्षात आलं की ती पट्टी मशीनमध्ये ओढून घेणारा छोटा प्रोग्राम लिहायचाच राहिलाय. तो त्यांनी सीटवर बसून हाताने लिहिला. खऱ्या आल्टेअरवर पट्टी चढली, टेलिटाइपने (जोडलेल्या टाइपयंत्राने) मेमरी किती आहे ते विचारलं. ॲलन यांनी 'प्रिंट २+२' टाइप केलं आणि ४ आले. त्या एका '४'मागे ११२ खटके पुसले गेले.

पुढे त्या पट्टीच्या फुकट नकला हौशी लोकांच्या क्लबांत फिरू लागल्या. तेव्हा ३ फेब्रुवारी १९७६ या तारखेने गेट्स यांनी खुलं पत्र लिहिलं, की तुमच्यातले बहुतेक जण सॉफ्टवेअर चोरता. नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीत कोणाचा फ्लॉपीचा डबा उघडला असता, तर ते पत्र आमच्याही दारावर चिकटवता आलं असतं. खोटं कशाला बोलू.

१९७७ वर फार वेळ घालवत नाही. ॲपल टू, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० ही तिन्ही मशिन्स त्या वर्षी आली आणि तिघांच्याही रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत, बेसिक आधीच भरलेली होती. पेट चालू केला की पडद्यावर 'रेडी' आणि खाली लुकलुकता कर्सर. हे शक्य झालं त्यामागे किमतीचा मोठा हात होता. इंटेलची ८०८० सुटी घेतली तर ३६० डॉलरला होती. चक पेडल यांच्या चमूने १९७५ मध्ये ६५०२ चिप काढली ती २५ डॉलरला. ॲपल आणि पेट दोन्ही तिच्यावर उभे राहिले. स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी ॲपलची बेसिक हाताने, कागदावर मशीन कोड मांडून लिहिली, कारण असेंब्लरसाठी (सूचनांचे आकडे करून देणाऱ्या प्रोग्रामसाठी) भाड्याने कॉम्प्युटर घेणं त्यांना परवडत नव्हतं. आजही कोणी मला चांगला लॅपटॉप नाही म्हणून शिकता येत नाही असं म्हणालं, की मला ते कागद आठवतात. पण ते असो.

यापुढचा टप्पा माझ्या पोटावर आला, म्हणून तो जरा सावकाश सांगते. १९७८ च्या सुमारास डॅन ब्रिकलिन हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकत होते. प्राध्यापक फळ्यावर मोठा तक्ता मांडायचे. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहायचे. ब्रिकलिन यांना वाटलं, फळ्यानेच हे स्वतः करावं. बॉब फ्रँकस्टन यांनी कोड लिहिला, बराचसा रात्री, कारण भाड्याच्या कॉम्प्युटरचा दर रात्री कमी असायचा. १९७९ मध्ये ॲपल टूवर व्हिजिकॅल्क आलं, आजच्या एक्सेलसारखा हिशेबाचा तक्ता: २५४ ओळी, ६३ रकाने. लोक आधी व्हिजिकॅल्क मागायचे आणि ते चालवायला ॲपल घ्यायचे.

याचं मोल मला पुस्तकातून कळलं नाही. १९८९ मध्ये डिप्लोमा करून मी कऱ्हाडला एका छोट्या सर्व्हिस ब्युरोत लागले. एक पीसी-एक्सटी, ६४० केबी मेमरी, २० एमबीची हार्ड डिस्क, एसीची खोली, चपला बाहेर. आजूबाजूच्या साखर कारखान्यांची ऊसबिलं आम्ही डीबेस या माहिती साठवायच्या पॅकेजमध्ये काढायचो. (डीबेस टू या नावाने ते आलं, पण डीबेस वन कधी नव्हतंच. ते विकणाऱ्या ॲश्टन-टेट कंपनीत टेट होते, ॲश्टन नावाचं कोणी नव्हतं. पहिल्या आवृत्तीवर कोणी विश्वास ठेवत नाही, हे त्यांना तेव्हाच कळलेलं.) काट्यावरच्या पावत्या गठ्ठ्याने यायच्या, आम्ही त्या भरायचो, पंधरवड्याचं बिल निघायचं.

एका कारखान्याचे चीफ अकाउंटंट दर आठवड्याला यायचे. "टनाला दहा रुपये वाढवले तर एकूण किती जातील?" मी म्हणायचे, प्रोग्राममध्ये बदल करावा लागेल, परवा या. परवा यायचे. "आता पंधरा धरून बघा, आणि तोडणी-वाहतूक वेगळी दाखवा." पुन्हा परवा. प्रत्येक बदलाचे आम्ही पैसे लावायचो आणि त्यात काही गैर आहे असं मला वाटायचंही नाही. मग एक दिवस ते यायचे बंद झाले. मला वाटलं आजारी असतील. कारखान्यात गेले तर ते नव्या पीसीसमोर बसलेले, पडद्यावर लोटस वन-टू-थ्री. १९८३ मध्ये आलेलं हे पॅकेज म्हणजे व्हिजिकॅल्कचा पुढचा अवतार. वर कोपऱ्यातल्या एका चौकटीत टनाचा दर. त्यांनी माझ्यादेखत तो बदलला, एंटर दाबलं आणि खालचे सगळे आकडे सरसर बदलत गेले. मग स्लॅश, एफ, एस. फाइल सेव्ह. पन्नाशीतला माणूस, एकही प्रोग्राम न लिहिता, माझं परवाचं काम एका श्वासात करत होता. मला म्हणाले, "बाई, आता तुम्हाला त्रास नाही देणार."

आतापर्यंत मी मधली माणसं मोजत होते. त्या दिवशी कळलं की या वेळी हटलेला मधला माणूस मी आहे. घरी येताना वाईट वाटलं हे कबूल करते. पण व्हिजिकॅल्कला मी आल्टेअरच्या वर का ठेवते, ते तुला कळलं असेल.

आयबीएम पीसी १२ ऑगस्ट १९८१ ला आला. मशीन म्हणून साधंच: ४.७७ मेगाहर्ट्झची ८०८८ चिप, मूळ मेमरी १६ केबी, किंमत १,५६५ डॉलर. डॉन एस्ट्रिज यांच्या चमूने वेळ वाचवायला भाग बाजारातून घेतले, मशीनचा कारभार चालवणारं डॉस मायक्रोसॉफ्टकडून घेतलं (ते मुळात सिअॅटलच्या टिम पॅटर्सन यांनी लिहिलेलं). आयबीएमचं म्हणता येईल असं एकच खास होतं, रॉममधला बायॉस, म्हणजे मशीन चालू होताच त्याचे भाग जागे करणारा मूळ प्रोग्राम. त्याचा कोड त्यांनी तांत्रिक पुस्तिकेत छापलाही होता, पण हक्क राखून. तो जसाच्या तसा उचलला तर कोर्टकचेरी ठरलेली. कॉम्पॅकने यावर जो मार्ग काढला तो मला फार आवडतो. एका गटाने बायॉस वाचून तो काय काय करतो एवढंच लिहून काढलं. दुसऱ्या गटाने, ज्यांनी मूळ कोड डोळ्यांनी पाहिलाच नव्हता, त्या वर्णनावरून नवा लिहिला. कॉम्पॅकचा जवळजवळ १३ किलोचा 'पोर्टेबल' नोव्हेंबर १९८२ मध्ये जाहीर झाला. मग फिनिक्स कंपनीने असाच बायॉस तयार करून तो मागेल त्याला विकायला काढला. तिथून पुढे पीसी करायला आयबीएमची परवानगी लागेनाशी झाली.

माझ्या दृष्टीने टप्पा हा आहे, १९८१ चा समारंभ नाही. आयबीएमचा पीसी कऱ्हाडला कधीच आला नसता. आला तो असेंबल केलेला: बोर्ड तैवानचा, कॅबिनेट कुठलं देव जाणे, सगळं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एसटीने आणलेलं. खरेदीची परीक्षा एकच असायची, त्यावर लोटस चालतं का आणि फ्लाइट सिम्युलेटर हा विमानाचा खेळ चालतो का. दोन्ही चाललं तर माल चोख. अमेरिकेतही लोक हीच परीक्षा घ्यायचे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

प्रोग्रामरांच्या अंगाने बघशील तर १९८३ चा टर्बो पास्कल कुठल्याही मशीनच्या तोडीचा आहे. त्याआधी पीसीवर कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत आणणारा प्रोग्राम) वापरणं म्हणजे पंच कार्डांचीच धाकटी आवृत्ती. एडिटर चालव, फाइल सेव्ह कर, बाहेर पड, फ्लॉपी बदल, कंपायलरचा पहिला फेरा, दुसरा फेरा, पुन्हा फ्लॉपी, लिंकर. तेवढ्यात चहा होतो. बोरलँड कंपनीने टर्बो पास्कल या नावाने आन्द्रेस हेल्सबर्ग यांचा कंपायलर ४९.९५ डॉलरला काढला, जेव्हा बाकीचे काही शे डॉलरला विकत होते. एडिटर आणि कंपायलर एकाच फाइलमध्ये, तीही ४० केबीपेक्षा कमी. सगळं मेमरीतच घडायचं, म्हणून डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच कंपाइल. चूक असली तर कर्सर नेमका चुकीच्या जागी जाऊन उभा. हेल्सबर्ग यांनी पुढे डेल्फी, सी-शार्प आणि टाइपस्क्रिप्ट या भाषा घडवल्या. तुझ्या आजच्या एडिटरमध्ये चुकीखाली जी लाल नागमोडी रेघ येते, तिचं मूळ मला तिथे दिसतं.

आपल्याकडे याच घरातला टर्बो सी जास्त रुजला, आणि इतका रुजला की निघता निघेना. निळा पडदा, पिवळी अक्षरं, कंट्रोल-एफ९ ने रन, ऑल्ट-एफ५ ने आउटपुट. १९९० च्या आसपास ते उत्तम होतं. पण पुढे दोन-अडीच दशकं कॉलेजांनी तेच चालवलं, नव्या विंडोजवर डॉसचा आभास उभा करून. पोरं 'क्लिअर स्क्रीन' आणि 'व्हॉइड मेन' घोकून नोकरीला यायची आणि पहिल्याच दिवशी कळायचं की यातलं काही इथे चालत नाही. एके काळचा टप्पा तसाच धरून ठेवला की त्याचा अडसर होतो, हे मी स्वतः मुलाखती घेताना पाहिलंय.

मॅकिंटॉशबद्दल रागावू नकोस. २४ जानेवारी १९८४, १२८ केबी, २,४९५ डॉलर. पडद्यावरच्या खिडक्या आणि माऊस त्याच्याही आधी झेरॉक्सच्या आल्टो या कॉम्प्युटरवर १९७३ मध्ये होते आणि माऊस डग एंगलबार्ट यांनी १९६८ मध्येच लोकांना दाखवला होता. वापरणाऱ्याला मॅकने मोठा हात दिला, हे मान्य. पण ॲपल टू उघडताच प्रोग्राम लिहिता यायचा. मॅकसाठी सुरुवातीला प्रोग्राम लिहायचा तर त्याहून कितीतरी महाग असा ॲपलचाच लिसा घ्यावा लागायचा. एक रांग मोडली, दुसरी उभी राहिली. विंडोज ९५ ने हा सगळा कारभार स्वस्त डब्यांवर आणला. एवढं पुरे.

मध्येच एक जोशीबुवांची गोष्ट. फ्लॉप्यांची देवाणघेवाण होती तिथे व्हायरस आलेच. १९९० मध्ये भारतात सापडलेला 'जोशी' नावाचा एक बूट सेक्टर व्हायरस होता, म्हणजे मशीन चालू होतानाच डिस्कवरून आत शिरणारा. ५ जानेवारीला मशीन चालू केलं की पडद्यावर 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप करण्याचा हुकूम यायचा आणि ते केल्याशिवाय काही म्हणता काही चालायचं नाही. १९९३ ची ५ जानेवारी मंगळवार होती, बिलं काढायचा दिवस, बाहेर कारखान्याची जीप उभी. आमचा एक ऑपरेटर बिचारा तासभर मशीन बंद-चालू करत बसला, कारण आपल्याला कोणीतरी चेष्टेने छळतंय असं वाटून तो ते वाक्य टाइप करायला तयार नव्हता. त्याचं आडनाव जोशीच होतं.

आता माझ्या यादीतला शेवटचा टप्पा, जो इंग्रजी याद्यांत सापडणार नाही. व्हिजिकॅल्कने मला हटवलं, पण आमच्या बिलांसमोर एक मधला माणूस अजून तसाच उभा होता. शेतकऱ्यांची नावं आम्ही इंग्रजीत भरायचो. ज्ञानदेव हे नाव एक ऑपरेटर डी-एन-वायने सुरू करायचा, दुसरा जी-वायने. शेवटी कोणी व्ही घालायचा, कोणी ओ. एकाच माणसाची तीन खाती. आणि ते बिल हातात पडल्यावर शेतकरी ते घेऊन गावातल्या शिकलेल्या पोराकडे जायचा, काय लिहिलंय ते विचारायला.

पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही सरकारी कॉम्प्युटर संशोधन संस्था सुरू झाली. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्टचं, म्हणजे भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणण्याचं काम, मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखालचं, तिथे कार्डाच्या रूपात आलं. पीसीच्या स्लॉटमध्ये कार्ड बसवायचं की डॉसच्या पडद्यावर देवनागरी. आमचा डीबेसचा प्रोग्राम एक ओळ न बदलता मराठी नावं घ्यायला लागला. आत अक्षरांना आकडे ठरवून देणारा इस्की हा कोड होता: खालच्या १२८ जागा इंग्रजीच्या, वरच्या आपल्या लिप्यांच्या. अडचण वेगळीच आली. प्रत्येक काना, मात्रा, हलन्त स्वतंत्र जागा खातो, त्यामुळे तीस अक्षरांचा रकाना मराठी नावाला अपुरा पडायचा आणि लांब आडनावं लंगडी व्हायची. एका रात्रीत सगळ्या फाइलींचे रकाने रुंद केलेले मला आठवतात.

पुढे विंडोजवर फाँटांचा जमाना आला. त्यात मराठी नुसती दिसायची. आत इंग्रजी अक्षरं, वर देवनागरीचे मुखवटे, फाँट बदलला की सगळा पाला. ते युनिकोडने, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या एकाच कोडने निस्तरलं. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, मांडणी १९८८ च्या इस्कीवरून घेतलेली. विंडोज २००० मध्ये ती 'मंगल' फाँटसकट मशीनमध्येच आली. मंगलची अक्षरं रघुनाथ कृष्ण जोशी यांची. एका जोशींनी आमची मशिन्स अडवली, दुसऱ्या जोशींच्या अक्षरांवर आपण सगळे वाचायला शिकलो.

पण मला सांगायचाय तो दिवस त्याच्या आधीचा, डॉसवरचा, बहुधा १९९४ चा. मराठीतली पहिली बिलं डॉट मॅट्रिक्सवर निघाली. मी हौसेने स्वतः कारखान्याच्या खिडकीपाशी उभी होते. धोतरातले एक आजोबा आले, बिल हातात घेतलं, चष्मा वर-खाली केला आणि सावकाश वाचलं. नाव बरोबर. गट नंबर बरोबर. टन बरोबर. मग बोट एका जागी थांबलं.

"पोरी, हे तालुक्याचं काय छापलंय?"

छापलं होतं 'कर्हाड'. 'ह'च्या डोक्यावर रफार. ऑपरेटरने इन्स्क्रिप्टवर (भारतीय लिप्यांसाठीच्या कळांच्या मांडणीवर) के, जे, डी, यू, ई आणि चौकटी कंस अशा कळा दाबल्या होत्या. जे म्हणजे साधा र, तो हलन्त होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसणार. आपल्याला हवा होता नुक्त्याचा ऱ, म्हणजे शिफ्ट धरून जे. मग 'कऱ्हाड' असं नीट उमटतं.

"चुकलं आजोबा, दुरुस्त करते."

"करा. कऱ्हाड म्हणत्यात त्याला." आणि बिल घडी करून खिशात घालून ते गेले.

तालुक्यांच्या फाइलमध्ये ते नाव एकाच ठिकाणी होतं, त्यामुळे दुरुस्तीला मिनिटही लागलं नाही. परत येऊन मी मागच्या हंगामाची इंग्रजी बिलं काढून बघितली. त्यांत तालुक्याचं स्पेलिंग चार प्रकारे छापलेलं होतं. ते सांगायला कधी कोणी खिडकीशी आलं नव्हतं.